न वाकता मोडलेली हाडं

१

त्या सकाळी औषधाच्या गटातलं पहिलं हाड यंत्राखाली ठेवलं, तर ते वाकलंच नाही. कट् करून मोडलं, खडू मोडावा तसं. म्हटलं, असतं एखादं असं. मग दुसरं तसंच मोडलं, आणि तिसरंही.

आता त्या खोलीत दुसरंच काही चालत असेल. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती जशीच्या तशी आहे. कधीच नीट न लागणारी खिडकी, तिच्या फटीत घडी करून कोंबलेला पुठ्ठा, चिकटपट्टी गुंडाळलेल्या पायाचं स्टूल, आणि मधोमध आमचं ते यंत्र. दोन खुंट्यांवर उंदराच्या मांडीचं हाड आडवं ठेवायचं आणि वरून मधोमध हळूहळू दाबत जायचं. किती भार घेतला आणि मोडण्याआधी किती वाकलं, याची रेघ शेजारी उमटत जाते. माझं काम हेच. सासरच्या लग्नकार्यांत माझी ओळखसुद्धा ‘हाडं मोडणारी सून’ अशीच करून देत.

चांगलं, ओलं हाड मोडण्याआधी थोडं वाकतं, सोसतं. वाळकं किंवा काचेसारखं झालेलं हाड भार घेतं, पण सोसत नाही. एका क्षणी एकदम जातं.

आमच्या सरांनी उभी हयात हाडं टिकवणाऱ्या औषधांवर घालवली होती. म्हातारपणी बायकांची हाडं जशी झिजतात, तशी आमच्याकडच्या माद्यांची झिजावीत म्हणून त्यांची अंडाशयं काढलेली. अर्ध्या जणींना सरांचं औषध, अर्ध्या जणींना नुसतं मिठाचं पाणी. शेवटी हाडं काढून आधी त्यांची घनता मोजायची, मग माझ्याकडे ताकद. घनता म्हणजे हाडात माल किती भरलाय ते, आणि ताकद म्हणजे तो माल वेळेला कामाला येतो का ते. घनतेचे आकडे असे सुरेख आले होते की सर पंधरवडाभर हवेत होते.

मी सरांना बोलावलं. त्यांनी एकेक रेघ पाहिली. या औषधाचे टीकाकार वर्षानुवर्षं हेच म्हणत आले होते की, हे जुनं हाड झिजू देत नाही, त्यामुळे शिळं हाड साठून साठून त्याची काच होते. आणि इथे माझ्याच खोलीत काच झालेली.

“फडकी ओली होती?” सरांनी विचारलं.

मी हो म्हटलं. प्रत्येक हाड मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून, वर दोरा बांधून गोठवणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवायचं, ही माझी जबाबदारी. ते कधी चुकलं नव्हतं.

“शनिवारी समिती येतेय,” सर म्हणाले. “माझं औषध वाईट की तुमचं काम वाईट, हे मला त्याआधी लिहून द्यावं लागेल.”

त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं, ते काय लिहिणार ते.

२

घरी आले ती चेहरा पाडूनच. आमचे ‘हे’ म्हणाले, दुसरी नोकरी बघू. नवरे असंच म्हणतात. मला दुसरी नोकरी नको होती. मला याच खोलीत, याच स्टुलावर बसायचं होतं, आणि माझ्या कामात खोट आहे असं कुणी लिहून ठेवलेलं मला चालणार नव्हतं.

सासूबाई कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत होत्या. त्या जनावरांच्या सर्जन. आयुष्यभर गाई-कुत्र्यांच्या शस्त्रक्रिया शिकवल्या, आणि निवृत्त झाल्यावर सगळी शिस्त घरावर काढली. आमचे सर त्यांचे विद्यार्थी, आणि नुसते विद्यार्थी नाहीत, लाडके. अजून त्यांना ‘बाई’ म्हणत. महिन्याभरापूर्वीच सासूबाई त्यांना भेटून आल्या होत्या आणि दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. काय ती हाडं, काय त्यांचा घट्टपणा, कार्टं शेवटी जिंकलं म्हणून.

मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“हाडं टाकलीस?”

“नाही आई. मोडलेले तुकडे परत आपापल्या फडक्यात गुंडाळून, कापलेल्या दोऱ्यांसकट, झाकणाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवलेत.”

“मग उद्या मी येते,” त्या म्हणाल्या. “आणि हे बघ, मी शोधेन ते जे असेल तेच सांगेन. तुझी चूक निघाली तर तुझी. मला सून म्हणून वशिला चालणार नाही.”

मला त्यांचा थोडा रागच आला. पण रात्री कधी नव्हे ते मला शांत झोप लागली.

३

दुसऱ्या दिवशी सासूबाई काठी टेकत आल्या आणि सरांना म्हणाल्या, मला तुझं संस्थान एकदा नीट बघायचंय. सर खूश. त्यांना वाटलं, बाई कौतुकालाच आल्या.

पहिला मान उंदीरमामांचा. आमच्या प्राणिगृहाचे डॉक्टर, उंदरांना नावं ठेवायचे आणि अभ्यास संपला की दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. जनावरं मारायची हा भाग त्यांना मनापासून नकोसा होता आणि ते तसं उघड बोलतही. सासूबाईंनी त्यांना सरळच विचारलं की, दया येऊन इंजेक्शनं चुकवलीत का, गट इकडचा तिकडे केलात का. मामा चिडले नाहीत. म्हणाले, मला हे काम आवडत नाही हे खरं, पण जनावर मरणारच असेल तर त्याचं मरण फुकट घालवण्याइतका मी नालायक नाही. सासूबाईंनी मान डोलावली. पण नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या त्या नव्हेत.

तिथून फोटोसाहेबांकडे. घनता मोजायचं यंत्र आणि क्ष-किरण त्यांच्याकडे. हा गृहस्थ माझ्या खोलीला खाटीकखाना म्हणायचा. त्याचं म्हणणं, घनता कळली की सगळं कळलं, हाडं मोडायची गरजच काय. माझी चाचणी बदनाम झाली तर त्याचं यंत्र राजा. ते माझ्या डोक्यात आदल्या दिवसापासून घोळत होतं. घनता मोजून झाल्यावर याने हाडं बदलली असतील तर? शिकवणीच्या पेटीतली जुनी, वाळकी हाडं आत सरकवली असतील तर?

सासूबाईंनी त्याच्याकडूनच मोडलेल्या हाडांचे फोटो काढून घेतले आणि आधीच्या फोटोंशेजारी लावले. मला जवळ बोलावलं.

“हे टोक बघ. इथून हाड वाढतं. तिथे पांढऱ्या रेघा दिसतात?”

दिसत होत्या. उंदराचं हाड मोठेपणीही थोडं थोडं वाढतच असतं, आणि अशा वाढत्या जनावराला हे औषध अंतराअंतराने दिलं की दर वेळी त्या टोकाशी एक दाट पट्टा मागे राहतो. औषधाच्या गटातल्या प्रत्येक हाडात ते पट्टे होते, मिठाच्या पाण्याच्या गटातल्या एकातही नव्हते, आणि जुन्या फोटोंशी एकेक हाड जुळत होतं. म्हणजे इंजेक्शनं वेळेवर पडली होती, गट बदलले नव्हते, आणि फोटोसाहेबांनी एकही हाड इकडचं तिकडे केलं नव्हतं. दोघंही सुटले. मला, खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

“तुझं यंत्र बिघडलेलं होतं ना मध्ये?” सासूबाईंनी विचारलं.

होतं. एक भाग बाहेरून यायचा होता, म्हणूनच हाडं महिनाभर फ्रीजमध्ये पडून राहिली. पण यंत्र दुरुस्त झाल्यावर मी एक हाड या गटातलं, एक त्या गटातलं असंच मोडत गेले होते. आलटून पालटून. मिठाच्या पाण्याची हाडं नेहमीसारखी वाकून मोडली. यंत्र चुकलं असतं तर ती पण चुकली असती. फ्रीज बंद पडला असता तरी तेच, कारण दोन्ही गट एकाच खणात शेजारी शेजारी होते.

सगळ्या वाटा बंद झाल्या. उरलं फक्त औषध. सर दारात उभे राहून ऐकत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते तसेच निघून गेले, आणि त्या क्षणी मला माझ्यापेक्षा त्यांचं जास्त वाईट वाटलं.

४

“एवढ्यात औषधाला फासावर चढवू नका,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे दोन पेले मागितले.

एकात औषधाच्या गटाचे तुकडे, एकात दुसऱ्या गटाचे. आधी दोन्ही वजन करून ठेवले, मग मिठाच्या पाण्यात बुडवले. त्या स्टुलावर बसून त्यांनी मला त्यांच्या तरुणपणच्या गोष्टी सांगितल्या. आमचे सर विद्यार्थी असताना कसे पहिल्या शस्त्रक्रियेला चक्कर येऊन पडले, एका आजारी वासरापाशी कसे रडत बसले, आणि पुढे त्याच पोराचा हात किती सफाईने चालायला लागला. बोलता बोलता त्यांचा आवाज मऊ झाला. माझ्याशी त्या आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मग तुकडे काढून, टिपून, पुन्हा वजन केलं. मिठाच्या पाण्याच्या गटाचं वजन होतं तेवढंच. औषधाच्या गटाचे तुकडे पाणी प्यायले होते. चांगलंच प्यायले होते.

हाडात मुळात पाणी असतं. ते उडून गेलं तर हाड घट्ट आणि कडक होतं, वाकायचं विसरतं. घनतेच्या आकड्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण क्षार आहे तिथेच राहतो.

“औषध निर्दोष आहे,” सासूबाई म्हणाल्या. “ही हाडं वाळलेली होती.”

मला आनंदाने उडी मारावीशी वाटली, आणि लगेच लक्षात आलं. हाडं ओली ठेवायचं काम कुणाचं? माझं. सरांचं औषध सुटलं होतं आणि सगळा आळ आता पुराव्यासकट माझ्या गळ्यात पडला होता. माझ्या स्वतःच्या सासूने घातला होता.

“आई, मी फडकी भिजवली होती,” मी म्हटलं. माझा आवाज रडवेला झाला होता आणि त्याची मला लाज वाटली.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे बघत नव्हत्या. ट्रेमधल्या फडक्यांकडे बघत होत्या.

५

पुड्या उघडताना मी दोरा कात्रीने कापते. गोठलेल्या बोटांनी गाठी सोडवत कोण बसणार? त्यामुळे गाठी जशाच्या तशा शाबूत होत्या. मिठाच्या पाण्याच्या गटातल्या सगळ्या गाठी माझ्या. साध्या, दुहेरी, गबाळ्या. औषधाच्या गटातल्या गाठी मात्र छोट्या, सपाट, एकसारख्या, शेपट्या नेमक्या तेवढ्याच सोडलेल्या. आणि सगळ्या उलट्या बाजूने वळलेल्या.

मी आधी का पाहिलं नाही? पुडीवर हिव साचलेलं असतं, सगळं पांढरं दिसतं, आणि हिव बघून आतलं फडकंही ओलंच असणार असं वाटतं.

“ही डाव्या हाताची गाठ आहे,” सासूबाई म्हणाल्या. “उजव्या हातात चिमटा असेल तेव्हा डाव्याने अशी मारायची. इथे अशी गाठ मारणारा एकच माणूस आहे. मीच शिकवली त्याला.”

मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा खरं वाटेना.

“सर? पण सर स्वतःची हाडं कशाला वाळवतील?”

“मुद्दाम कोण वाळवतंय? मला काल तू सांगितलंस तेव्हाच शंका आली होती. मामा निघावेत, तो फोटोवाला निघावा, अगदी तू निघालीस तरी चालेल, असं मी दिवसभर मनात म्हणत होते.” त्या थांबल्या. “महिन्याभरापूर्वी मी आले होते ना, तेव्हा त्याने मला हाडं दाखवली. पुड्या सोडून, काळ्या कापडावर ओळीने मांडून, टेबलावरच्या त्या दिव्याखाली. आम्ही जुन्या गप्पा मारत तासभर बसलो होतो. माझ्या एवढ्या शिक्षणाला तेव्हा काय झालं होतं, देव जाणे.”

सर महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांचे जुने विद्यार्थी, जुने मित्र, रोज कुणी ना कुणी भेटायला येत होतं. मी स्वतः जिन्यात त्यांना रस्ता दाखवला होता. माझं यंत्र बंद, म्हणून मी खाली ग्रंथालयात. वर सर प्रत्येकाला आपली हाडं दाखवत होते.

६

आम्ही दोघी त्यांच्या खोलीत गेलो. सासूबाईंनी फडकी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, आवाज न चढवता. सर आधी ऐकूनच घेईनात. म्हणाले, दोन मिनिटं तर बाहेर असायची, परत नीट बांधून ठेवायचो.

“मी आले तेव्हा तासभर होती,” सासूबाई म्हणाल्या. “परत बांधताना फडकं भिजवलंस?”

सर एक फडकं उचलून त्यावरची गाठ बघत राहिले.

“बरं, मला एक सांग. दुसऱ्या गटातली हाडं का नाही दाखवलीस कुणाला?”

“ती पोकळ, झिजलेली हाडं कोणाला कशाला दाखवू?” सर म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. त्यांचा हात टेबलावरच्या दिव्याकडे गेला आणि तिथेच राहिला. चांगली होती तीच हाडं पुन्हा पुन्हा बाहेर आली होती. वाईट हाडांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, म्हणून ती ओली राहिली.

टेबलावर समितीसाठी लिहिलेलं पत्र होतं, सगळी चूक माझी म्हणणारं. सरांनी ते वाचलं, जणू दुसऱ्या कुणी लिहिलंय. मग बाईंकडे न बघता म्हणाले, “बाई, समितीने मला आणखी दोन वर्षं द्यायचं जवळजवळ ठरवलंय. या निकालावर.”

“माहीत आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मी त्यातलं काही सांगणार नाही. ते तुझं तू ठरव.” आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन आल्या. घरी जाताना त्यांनी रिक्षात डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

शनिवारी मला समितीपुढे खुलाशाला बोलावलं होतं. उत्तरं घोकत घोकत आत गेले, तर सर उभेच होते आणि बोलून झालं होतं. संचालक आमचे भले गृहस्थ. त्यांना कुणाचंच वाईट करायचं नव्हतं. ते सरांना समजावत होते की, एवढ्या मोठ्या कामाला असा डाग कशाला, फ्रीज बंद पडला असं लिहू, विषय मिटेल, पुढची दोन वर्षं आहेतच.

“फ्रीज चालू होता,” सर म्हणाले. “हाडं मी वाळवली. यांनी काम चोख केलं होतं, आणि मी यांच्यावर आळ घेतला. हे असंच लिहा.”

मी काय उत्तरं पाठ केली होती, ती एकही मला आठवेना. मुदतवाढ अर्थातच मिळाली नाही.

माझ्या मनातला राग मात्र लगेच गेला नाही, हे कबूल करायला हवं. इतकी वर्षं हाताखाली काम करून या माणसाने आधी माझ्यावर संशय घ्यावा? मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचं ठरवून टाकलं होतं.

प्रत्येक जनावराचं दुसऱ्या पायाचं हाड वेगळ्या खणात, कुणी हात न लावलेलं, तसंच होतं. ती हाडं चकत्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला राखून ठेवली होती. सरांनी तो अभ्यास सोडून दिला आणि हाडं माझ्याकडे पाठवली. मी मोडायला बसले, आणि दारात सर आले. मोडल्याचा आवाज त्यांना सहन होत नसे, म्हणून ते कधी चाचणीच्या वेळी येत नसत. त्या दिवशी आले.

औषधाच्या गटातलं पहिलं हाड ठेवलं. भार वाढत गेला. रेघ वर गेली, मग हळूच कलली. हाड वाकत होतं. वाकून, सोसून, बऱ्याच उशिरा मोडलं. सरांनी रोखून धरलेला श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. सगळी हाडं होईस्तोवर दुपार झाली. औषधाची हाडं दुसऱ्यांपेक्षा बळकट निघाली, पण घनतेने कबूल केली होती तेवढी नाही. मी ते घाबरत घाबरतच सांगितलं. सर म्हणाले, मग तेवढंच लिहा, जास्त नको.

जायला निघाले आणि परत वळले.

“तुम्ही हे काम कसं करता, ते मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं,” ते म्हणाले. “उद्या आलो तर चालेल?”

मी म्हटलं, या ना सर, खुर्ची आणून ठेवते.

“नको,” सर म्हणाले. “उभा राहतो.”

आणि महिना संपेपर्यंत ते रोज आले, आणि उभे राहिले.